ठोसा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो

बॉक्सिंगच्या सरावगृहात नव्याने आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी ठोसे मारायचे असतात. समोर जड बॅग लोंबत असते, हातात नवेकोरे ग्लोव्ह्ज असतात. जाणता प्रशिक्षक मात्र त्याला एका दोरीपाशी नेऊन उभा करतो. ही दोरी साधारण खांद्याच्या उंचीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून बांधलेली असते. गुडघे वाकवून तिच्याखालून डोके डावीकडून उजवीकडे न्यायचे, एक पाऊल पुढे टाकायचे, मग उजवीकडून डावीकडे. दहा मिनिटांत मांड्या भरून येतात आणि मुलाचा चेहरा पडतो. मारायला आलो होतो, आणि हे काय उठाबशा काढायला लावतात! या उठाबशांमागे मेंदूशास्त्र, पदार्थविज्ञान आणि गेल्या शंभर वर्षांतला कडू अनुभव उभा आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी हेवीवेट बॉक्सर फ्रँक ब्रुनो याचा ठोसा मोजला होता. १९८५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. हात निघाल्यापासून केवळ ०.१ सेकंदात ब्रुनोची मूठ सुमारे अर्धा मीटर अंतर कापून लक्ष्यावर आदळली. आदळतानाचा वेग सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर होता. आपल्याकडची साधी पेट्रोलची स्कूटर याहून वेगाने जाते. पण स्कूटर अर्ध्या मीटरवरून अंगावर येत नाही. मोजणीच्या यंत्रावर या ठोशाचे बल ४,०९६ न्यूटन भरले. नाकासमोर ४०० किलोचे ओझे क्षणभर टेकवावे, तसा हा प्रकार.

आता दुसरा आकडा पाहा. डोळ्यांना काही दिसले आणि त्यावर शरीराने हालचाल सुरू केली, यात निरोगी तरुण माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. हीदेखील सर्वांत सोपी परिस्थिती झाली: एकच दिवा लागणार आणि एकच बटण दाबायचे. ठोसा डाव्या हाताचा येणार की उजव्या, सरळ येणार की बाजूने, हे ठरवायचे असेल तर वेळ आणखी वाढतो. शिवाय हालचाल सुरू झाल्यावर चार-पाच किलोचे डोके जागचे हलायलाही वेळ लागतोच. ठोशाला ०.१ सेकंद आणि माणसाला ०.२ पेक्षा जास्त. हिशेब जुळत नाही. मूठ येताना पाहून मग डोके हलवू म्हणणाऱ्याचे डोके तिथेच असते.

तरीही चांगले बॉक्सर ठोसे चुकवतात, आणि एकामागून एक चुकवतात. त्यांचे डोळे किंवा नसा सामान्य माणसापेक्षा फार वेगळ्या असतात असे नाही. ते मुठीकडे पाहतच नाहीत. नजर समोरच्याच्या छातीच्या वरच्या भागावर ठेवलेली असते आणि बाकीचे काम नजरेच्या कडेला सोपवलेले असते. दृष्टिपटलाच्या कडेच्या भागाला बारकावे दिसत नाहीत, पण हालचाल चटकन कळते. ठोसा मुठीतून निघत नाही. तो मागच्या पायाच्या चवड्यातून निघतो, कमरेतून वर चढतो, खांद्यातून वळतो आणि मग हातात येतो. पुढच्या पायावर गेलेला भार, किंचित वर उचललेला खांदा, बाहेर गेलेले कोपर या सगळ्या आगाऊ सूचना असतात. वेगवान गोलंदाजाचा चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला जेमतेम अर्धा सेकंद घेतो आणि म्हणून फलंदाज गोलंदाजाचा हात व मनगट वाचतो. बॉक्सरला त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळात खांदा वाचायचा असतो.

वाचायला वेळ मिळावा म्हणून अंतर हवे. बचावाचा पहिला धडा डोक्याचा नसून पायांचा आहे, तो याचसाठी. समोरच्याचा हात जेमतेम पोहोचणार नाही इतक्या अंतरावर उभे राहिले, की ठोसा मारण्यासाठी त्याला पाऊल पुढे टाकावेच लागते. त्या पावलाला लागणारा वेळ बचाव करणाऱ्याच्या खात्यात जमा होतो. दुसरी युक्ती कबड्डी पाहणाऱ्यांना सांगायला नको. चढाईपटू जसा हुलकावणी देतो, तसाच बॉक्सर मुद्दाम एक जागा उघडी ठेवतो. डावा हात थोडा खाली, हनुवटी किंचित उजवीकडे. समोरच्याने तिथेच मारावे अशी ही पेरणी असते. ठोसा कुठे येणार हे आधीच ठाऊक असले की निर्णयाचा वेळ वाचतो.

प्रत्यक्ष हालचाली मोजक्याच आहेत, आणि त्या दिसतात त्याहून लहान आहेत. सरळ येणाऱ्या जॅबसाठी ‘स्लिप’: कंबर व खांदे थोडे वळवून डोके ठोशाच्या रेषेतून चार-पाच इंच बाजूला. दोघेही डावा पाय पुढे ठेवणारे असतील तर जॅबला उजवीकडे स्लिप करणे जास्त सुरक्षित. ठोसा डाव्या खांद्यावरून निघून जातो आणि प्रतिस्पर्ध्याचा ताकदीचा उजवा हात लांब पडतो. डावीकडे सरकलात तर त्याच उजव्या हाताच्या वाटेत जाऊन उभे राहता. बाजूने गोलाकार येणाऱ्या हूकसाठी गुडघे वाकवून ठोशाखालून जायचे आणि तो जिकडून आला त्या बाजूला वर यायचे. दोरीखालचा सराव याच हालचालीचा.

नवशिक्यांची चूक ठरलेली असते. ते गुडघ्यांऐवजी कमरेत वाकतात. कमरेत वाकले की नजर जमिनीकडे जाते, आणि खालून येणारा अपरकट दिसतही नाही. दुसरी चूक म्हणजे डोळे मिटणे. चेहऱ्याकडे वेगाने काही आले की पापण्या आपोआप मिटतात. माणसाच्या जातीने हजारो वर्षे सांभाळलेली ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पण एका उघडझापीत ०.१ ते ०.३ सेकंद जातात, म्हणजे ब्रुनोचे एक ते तीन ठोसे. कपाळावर हलके टप्पल मारत, ग्लोव्ह समोरून फिरवत प्रशिक्षक ही सवय हळूहळू बोथट करतात. ती पूर्ण जात नाही.

डोके इतके हलत असताना समोरचा माणूस धूसर का दिसत नाही, याचे उत्तर कानात आहे. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात आणि सेकंदाच्या जवळपास शंभराव्या भागात डोळ्यांना उलट दिशेने वळवतात. डोके उजवीकडे गेले की बुबुळे डावीकडे. त्यामुळे चित्र स्थिर राहते. हे वाक्य वाचताना मान डावी-उजवीकडे हलवून पाहा. अक्षरे वाचता येतात. मान स्थिर ठेवून वर्तमानपत्रच त्याच वेगाने हलवले तर येत नाहीत. म्हणूनच नजर इकडेतिकडे भिरभिरवू नये असे प्रशिक्षक बजावतात. डोळ्यांनी उडी मारली की त्या उडीपुरते मेंदू चित्र घेणे जवळपास थांबवतो.

हे सगळे शिकायचे कसे, हा खरा प्रश्न. न्यूयॉर्क राज्यातील कॅटस्किल या गावी कस डी’अमाटो हा प्रशिक्षक दोरीला टांगलेली लहान पिशवी लंबकासारखी झुलवत ठेवी आणि मुलांना तिच्या दोन्ही बाजूंनी डोके काढायला लावी. त्याच सरावातून माइक टायसन घडला आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये विसाव्या वर्षी हेवीवेट विजेता झाला. पण पिशवीला खांदे नसतात. तिची लय दोन मिनिटांत कळते आणि मग शरीर शिकते, डोळे शिकत नाहीत. खांदा वाचायला समोर माणूसच लागतो. म्हणून मग जोडीदाराशी सराव. आधी ठरलेला एकच ठोसा, तोही सावकाश. मग दोनांपैकी कुठलाही एक. मग उघड्या तळव्यांनी एकमेकांच्या खांद्याला शिवण्याचा खेळ. तो पाहायला पोरखेळ वाटतो, पण वाचन, अंतर आणि पाय हे तिन्ही त्यात येतात आणि डोक्याला धक्का लागत नाही. या टप्प्यावर महिनोन्‌महिने थांबण्याची तयारी फार थोड्या सरावगृहांत दिसते. घाई असते ती थेट लढतीच्या सरावाची, म्हणजे स्पॅरिंगची.

पेच इथेच आहे. डोके वाचवायला शिकण्यासाठी डोक्यावर ठोसे घ्यावे लागतात. आणि मेंदू हा स्नायू नाही. मार खाऊन तो घट्ट होत नाही.

ऑक्सफर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ ए. एच. एस. होलबर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनचा मेंदू करून दाखवले होते, की सरळ धक्क्यापेक्षा डोके गर्रकन वळणे अधिक घातक असते. कवटी वळते, आतला मऊ मेंदू मागे राहतो आणि त्याच्या तंतूंना पीळ पडतो. हनुवटीवरचा ठोसा माणसाला आडवा करतो तो यामुळे. हनुवटी हे त्या तरफेचे लांब टोक. ती छातीशी टेकवून ठेवा, असे प्रशिक्षक दिवसातून शंभरदा सांगतात त्याला हे कारण आहे. न दिसलेला ठोसा सर्वांत वाईट, याचेही कारण जवळपास तेच: मानेचे स्नायू आधी ताठ झालेले नसतात. ठोसा चुकवता आलाच नाही तर त्याच्याबरोबर मागे जाणे, झेल घेताना हात मागे घ्यावेत तसे, हाही बचावच. धक्का जास्त वेळात पसरतो आणि त्याची धार कमी होते.

एवढे करूनही काही ठोसे लागतातच. न्यू जर्सीतील विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये बॉक्सरांच्या अडखळत्या चालीवर आणि जड झालेल्या जिभेवर पहिला वैद्यकीय लेख लिहिला. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये १५ निवृत्त बॉक्सरांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले आणि हानीचा विशिष्ट नमुना समोर आला. आज त्याला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. टाऊ नावाचे प्रथिन मेंदूत साचत जाते आणि पक्के निदान अजूनही मृत्यूनंतरच होते. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकने २०११ पासून लढवय्यांच्या मेंदूंचा पाठपुरावा चालवला आहे. लढतींची संख्या वाढते तसा मेंदूच्या काही खोल भागांचा आकार घटलेला त्यात आढळला. माणूस बेशुद्ध पडला तरच इजा झाली, हा समज चुकीचा आहे. भोवळही न आणणारे छोटे धक्के वर्षानुवर्षे साचतात.

हेल्मेटसारखे हेडगार्ड आहे की, असे पालक म्हणतात. हेडगार्डने भुवई फुटत नाही, कान सोलत नाही. मेंदूचे आत वळणे ते थांबवत नाही. उलट डोक्याचा घेर वाढतो आणि बाजूचे दिसणे कमी होते. आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगमध्ये २०१३ साली वरिष्ठ पुरुषांचे हेडगार्ड काढून टाकले गेले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याशिवाय लढले.

बचाव ही वयाबरोबर झिजणारी पुंजी आहे, हे महंमद अलीइतके ठळक कुणी दाखवले नसेल. तरुणपणी तो हात खाली सोडून नुसता मागे झुकायचा. प्रत्येक प्रशिक्षक जे करू नका म्हणतो, नेमके तेच. पायांत वीज होती तोवर ते खपले. १९६७ नंतरच्या साडेतीन वर्षांच्या बंदीने पायांची ती चपळाई नेली. मग तो दोरांना टेकून मार झेलू लागला. १९७४ मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमनला त्याने असेच थकवून हरवले आणि जगाने टाळ्या वाजवल्या. सरावातही तो जोडीदारांचे ठोसे मुद्दाम अंगावर घेई. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचे निदान झाले. त्यात बॉक्सिंगचा वाटा किती, यावर डॉक्टरांचे एकमत नाही.

आणि विली पेप. बचावाचा बादशहा. अंगाला हात लागू न देणारा हा फेदरवेट २२९ लढती जिंकला. १९४६ मध्ये एकही ठोसा न मारता त्याने एक फेरी जिंकली, अशी दंतकथा सांगतात. त्या दिवशीची वर्तमानपत्रे तिला दुजोरा देत नाहीत, पण अशी कथा त्याच्याबद्दलच रचली जावी यात सारे आले. तो २००६ मध्ये कनेक्टिकटमधील शुश्रूषागृहात वारला. अखेरची वर्षे स्मृतिभ्रंशात गेली होती. स्मृतिभ्रंश कधीही ग्लोव्ह न घातलेल्यांनाही होतो, त्यामुळे पेपच्या बाबतीत दोष कुणाचा हे ठरवता येत नाही. पण २४१ लढतींत सर्वोत्तम बचावालाही किती ठोसे चुकले नसतील, आणि त्यामागच्या सरावात किती, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

शहरांत हल्ली तंदुरुस्तीसाठी बॉक्सिंग शिकणारे पुष्कळ आहेत. दोरी, आरसा, पिशवी, पॅड आणि खांदे शिवण्याचा खेळ एवढ्यावर हृदय, पाय, तोल, नजर या सगळ्यांना व्यायाम मिळतो, आणि त्यासाठी डोक्यावर एकही ठोसा घ्यावा लागत नाही. गुडघे दुखत असतील तर दोरी जरा वर बांधावी. ज्यांना स्पर्धेत उतरायचे आहे त्यांनी किंवा त्यांच्या पालकांनी सरावगृहात नाव घालताना शुल्काच्या आधी विचारावे, की आठवड्यातून किती दिवस स्पॅरिंग होते, जोडीदार वजनाचा व अनुभवाचा जुळवून दिला जातो का, आणि फक्त बचाव करायचा अशा फेऱ्या घेतल्या जातात का. ठोशानंतर डोके दुखू लागले, मळमळले, प्रकाश सहन होईना, एकाच प्रश्नाचे उत्तर दोनदा विचारावे लागले, तर त्या दिवशी पुन्हा रिंगमध्ये जायचे नाही. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती आणि पुढची परतफेर टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या सल्ल्याने. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा हातापायांत कमजोरी दिसली तर डॉक्टरांची वेळ घेत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.