उद्याचा विषय काय?

दर जानेवारीत मुख्य कार्यालयाकडून आम्हाला एक तक्ता येतो. ५२ आठवडे, ५२ विषय. पहिल्या आठवड्यात हेल्मेट, दुसऱ्यात सेफ्टी शूज, मग आग, प्रथमोपचार, साइटची साफसफाई, असं करत करत डिसेंबरात पुन्हा हेल्मेट. करणाऱ्याने तो मन लावून केलेला असतो, रंगीत असतो. मी तो भिंतीवर लावते, पण त्यातून विषय निवडत नाही. एका वर्षी आमच्याकडे टॉवर क्रेन उभी राहत होती, नेमक्या त्या आठवड्याला तक्त्यात विषय होता ‘संगणकासमोर बसण्याची योग्य पद्धत’.

मी पुण्यात हिंजवडीच्या बाजूला उंच इमारतींच्या साइटवर सुरक्षा अधिकारी आहे. सकाळी हजेरी झाली की कामाला हात लावण्याआधी प्रत्येक टोळीशी दहा मिनिटं बोलायचं, हा आमच्या नोकरीतला रोजचा भाग. याला टूलबॉक्स टॉक म्हणतात, साइटवर सगळे ‘टीबीटी’ म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, यात अवघड ते काय? काळजी घ्या, पट्टा लावा, संपलं. पण वर्षानुवर्षं हेच ऐकत आलेल्या माणसासमोर तेच पुन्हा म्हटलं की त्याचे डोळे उघडे राहतात आणि कान मिटतात. त्याची चूक नाही. माझ्या मते या दहा मिनिटांचं भवितव्य आदल्या संध्याकाळी, विषय ठरतो तेव्हाच ठरलेलं असतं.

म्हणून माझा विषय संध्याकाळी पाचच्या फेरीत निघतो. मुकादमांना एकच प्रश्न विचारायचा: “उद्या काय काढलंय?” आणि त्याच्या पोटात दुसरा: आजच्यापेक्षा उद्या वेगळं काय आहे? नवीन टोळी येणार आहे का? गवंडी आतल्या भिंती संपवून बाहेरच्या परांचीवर चढणार आहेत का? लिफ्टच्या डक्टसमोरचं बॅरिकेड कुणी साहित्य आत घ्यायला काढलंय का? कालपर्यंत जमिनीवर चालणारं कटर मशीन उद्या पाचव्या मजल्यावर जाणार असेल, तर त्याची केबल कुठून जाईल? आमच्याकडचे पुष्कळ अपघात रोजच्या कामात काहीतरी बदललं आणि ते सगळ्यांना कळलं नाही, या फटीत होतात. विषय त्या फटीत शोधायचा.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण बांधकामाबाहेरच्या फार थोड्या लोकांना ते माहीत असतं. एका संध्याकाळी मुकादम म्हणाले, “मॅडम, उद्या खालच्या टाकीची सेंटरिंग खोलायचीय.” म्हणजे इमारतीच्या पाण्याची जमिनीखालची टाकी, आणि सेंटरिंग म्हणजे स्लॅब भरताना त्याला खालून दिलेला तात्पुरता साचा. तिचा स्लॅब भरून बरेच दिवस झालेले, वर जेमतेम दोन फुटांचं झाकण, आत प्लाय, फळ्या, बल्ल्या आणि खाली साठलेलं पाणी. ऐकायला साधं काम. उंची नाही, वीज नाही, यंत्र नाही. टाकी कोरी, त्यात मैला नाही, वास नाही. गटारात उतरताना माणूस बिचकतो, इथे बिचकत नाही.

पण ओलं लाकूड बंद जागेत कुजायला लागलं की आतला प्राणवायू खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. लोखंड गंजतं तेही प्राणवायू घेऊनच. आपण श्वास घेतो त्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला की त्या जागेत कुणी उतरायचं नाही, हा नियम. १० च्या खाली गेला तर माणसाला धाप लागून सावध व्हायलाही वेळ मिळत नाही, शुद्धच जाते. त्यात कुणी पाणी उपसायला डिझेल पंप आत उतरवला तर कार्बन मोनॉक्साइडची भर. वरच्याला वाटतं, खालचा घसरून पडला. तो त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. अशा घटनांत एकापेक्षा जास्त माणसं जातात ती यामुळे. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या टाकीत साफसफाईला उतरलेले चार कामगार गुदमरून गेले.

तर दुसऱ्या दिवशीचा विषय ‘बंदिस्त जागेतील धोके’ असा नव्हता. विषय होता: डी इमारतीची टाकी, आज, तुम्ही पाच जण. टोळी टाकीच्या झाकणापाशीच उभी केली. गॅस मीटर दोरीला बांधून आत सोडला. थोड्या वेळाने तो किंचाळायला लागला, तो आवाज सगळ्यांनी ऐकला. मी प्राणवायूचा आकडा दाखवला. भाषण असं केलंच नाही. ब्लोअर लावून, पुन्हा मीटर सोडून, आकडा जागेवर आल्यावरच उतरायचं. वर सतत एक माणूस, त्याने हलायचं नाही. आणि खाली कुणी पडलं तर उडी मारायची नाही, ओरडायचं. या शेवटच्या वाक्यावर मात्र वेळ गेला. टोळीतले दोघे सख्खे भाऊ होते, बिहारचे. धाकटा म्हणाला, “दीदी, भैया नीचे गिरा तो मैं ऊपर खड़ा रहूँ?” याला गुळगुळीत उत्तर नसतं. मी वर उभं राहायचं काम दोघांनाही दिलं नाही. तिसऱ्याला दिलं आणि पट्ट्याची दोरी तिवईच्या चरखीला बांधली, म्हणजे खालच्याला वरूनच ओढून काढता येईल. विषय अरुंद असला की असा प्रश्न येतो. ‘बंदिस्त जागा’ म्हटलं असतं तर सगळ्यांनी माना डोलावून सही केली असती.

आता निवडीत वजन कशाला द्यायचं, हाही प्रश्न आहेच. साइटच्या कार्यालयात एका त्रिकोणाचं चित्र हमखास लावलेलं असतं. हाइनरिश नावाच्या अमेरिकन विमा कंपनीतल्या माणसाने १९३१ मध्ये मांडलेला हिशेब: एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ आणि ३०० इजा न झालेले प्रसंग. त्यावर पुढे खूप वाद झाले. माझी अडचण साधी आहे. त्या चित्राच्या नादाने आपण जे वारंवार घडतं तेच मोजत बसतो. आमच्याकडे वारंवार काय घडतं? बोटं चेपतात, खिळा टोचतो. प्रथमोपचाराची वही त्यानेच भरते. माणसं मरतात ती मात्र उंचीवरून पडून, विजेने, मातीच्या ढिगाऱ्याखाली, वरून काही कोसळून, नाहीतर टाकीत. वहीत या गोष्टी वर्षभर दिसतही नाहीत. म्हणून उद्या दोन कामं असतील, एकात बोट जाऊ शकतं आणि दुसऱ्यात जीव, तर मी दुसरं घेते, मग बोटाची वही कितीही फुगलेली असो.

मातीचंच बघा. खड्डा दीड मीटरच्या वर गेला की त्याच्या बाजूंना आधार हवा, हे नियमांत आहे. पण मुरूम आठ दिवस कडक उभा राहतो आणि सगळ्यांना तो भिंतीसारखा वाटायला लागतो. एक घनमीटर माती दीड टनाच्या पुढे असते, ओली झाली की आणखी जड. जूनच्या पहिल्या पावसानंतरच्या सकाळी मी खड्ड्यातल्या टोळीबरोबर दुसरा कुठलाच विषय घेत नाही. काठावर नव्याने पडलेली भेग शोधायची, काढलेली माती काठावर न टाकता लांब टाकायची, एवढंच.

ऋतूचा असा माग ठेवावा लागतो, तसाच माणसांचाही. होळीला आणि छठला टोळ्या गावी जातात. परत येतात तेव्हा निम्मे चेहरे नवे असतात, कुणाचा तरी मेहुणा, कुणाचा पुतण्या, ज्याने आयुष्यात हॉइस्ट, म्हणजे साइटवरची माणसं-साहित्य नेणारी लिफ्ट, पाहिलेली नसते. सळया कापणारे-वाकवणारे आमचे बारबेंडर बरेचसे मालदा-मुर्शिदाबादकडचे. रमजान उन्हाळ्यात आला तर दुपारी तीनला त्यांच्यासमोर ‘भरपूर पाणी प्या’ हा विषय घेणं म्हणजे चेष्टाच. तेव्हा विषय ठेकेदाराशी घ्यायचा: स्लॅबवरचं काम पहाटे सुरू करा, दुपारी सावलीत सळया कापायचं ठेवा.

इथे मला ज्याची चीड येते ती गोष्ट सांगते. कितीतरी विषय असे असतात, जे कामगाराच्या हातात नसतातच. परांचीला फळ्या कमी आहेत आणि आपण विषय घेतो ‘परांचीवर सावध चाला’. वितरणाच्या पेटीत करंट गळला की वीज तोडणारा ईएलसीबी बसवलेला नाही आणि विषय ‘विजेपासून सावधान’. माणूस दहा मिनिटं ऐकतो, सही करतो, आणि उद्या काही झालं तर ती सही आपल्या बाजूने पुरावा. हे सुरक्षेचं काम नाही, हात झटकण्याचं आहे. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत पावसात शेजारच्या कामगारांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली. रात्री झोपेत १५ जणांचा जीव गेला. त्यांना कुठला टीबीटी उपयोगी पडला असता? झोपड्या कुठे बांधायच्या हे त्यांनी ठरवलेलंच नव्हतं. म्हणून विषय लिहिण्याआधी मी स्वतःला विचारते, हे ऐकून समोरचा माणूस आज काही वेगळं करू शकतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो विषय सकाळच्या सभेचा नाही. तो प्रोजेक्ट मॅनेजरच्या टेबलावर जातो, लेखी, तारखेसकट.

कधी कधी उलटंही होतं. एका एप्रिलमध्ये विटा वाहणाऱ्या बायकांशी उन्हाबद्दल बोलत होते. नांदेड-यवतमाळकडच्या बायका, उन्हाचं मला शिकवतील अशा. एक जण डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, “ताई, पाणी पिऊ हो, पण मग जायचं कुठं? संडास तिकडं गेटापाशी. आम्ही अकराव्यावर.” म्हणजे त्या सकाळपासून मुद्दाम पाणी पीत नव्हत्या. मी आणलेला विषय तिथेच संपला आणि खरा विषय तिने दिला. पुढच्या पंधरवड्यात मधल्या मजल्यांवर तात्पुरती स्वच्छतागृहं बसली. त्यासाठी किती वेळा भांडावं लागलं ते सोडून देते.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या आठवड्यात शपथ, फलक, घोषवाक्य स्पर्धा, बक्षीस म्हणून स्टीलचे डबे. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. पण त्या आठवड्यात मी आणखी एक करते: विषय निवडायचं काम टोळ्यांना देते. पहिले दोन दिवस ते माझ्या तोंडाकडे बघतात आणि “हेल्मेट” म्हणतात, कारण साहेबलोकांना तेच आवडतं हे त्यांना पाठ आहे. तिसऱ्या दिवशी एखादा धीर करतो. मागच्या खेपेला एका बारबेंडरने सांगितलं की क्रेनने सळयांचा गठ्ठा वर येतो तेव्हा सिग्नलमनची शिट्टी स्लॅबवर ऐकूच येत नाही, काँक्रीट बसवणारा व्हायब्रेटर चालू असतो. गठ्ठा डोक्यावर आल्यावर सावली दिसते, तेव्हा कळतं. सिग्नलमन शेजारीच उभा होता, त्याला राग आला. दोघांची पाच मिनिटं चांगली जुंपली, मी मध्ये पडले नाही. शेवटी त्यांचं त्यांनीच ठरवलं: गठ्ठा निघाला की खालून शिट्टी आणि स्लॅबवर दुसऱ्या माणसाच्या हातात लाल झेंडा. झेंडा वर असेपर्यंत व्हायब्रेटर बंद. ठेकेदाराने आधी कुरकुर केली, काँक्रीटला उशीर होतो म्हणून. आता त्याच्या दुसऱ्या साइटवरही तसंच करतात.