भिंतीचे कान पिळणारा कॉम्प्युटर!

माहीत आहे का, 25 जून 1888 या एकाच दिवशी स्वीडनमधली सुंडस्वाल आणि उमेओ ही दोन शहरं आगीत खाक झाली? आगीच्या धास्तीने तिथे दोन मजल्यांहून उंच लाकडी घरांवर शतकभर बंदी होती. ती उठली 1994 मध्ये. लाकडी इमारती पुन्हा चढू लागल्या आणि नवी कटकट सुरू झाली: शेजाऱ्यांचा आवाज!

या इमारतींमधली भिंत असते हलकीफुलकी. लाकडी सांगाडा, दोन्हीकडे जिप्सम बोर्ड, पोटात मिनरल वूल. गप्पा झकास अडवते. पण सबवूफरचा धम्म? थेट आरपार!

का बरं? एकसंध भिंतीचं वजन दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने घटतो. इथे वजनाचीच बोंब! त्यात दोन बोर्डांमधली हवा स्प्रिंगसारखी वागते. चौरस मीटरला 10 किलोचे दोन बोर्ड, मध्ये 10 सेंटिमीटर रिकामी पोकळी, तर दोन्ही डोलतात सुमारे 85 हर्ट्झला. म्हणजे ऐन बेसमध्येच!

मग पोकळीत मधोमध तिसरा बोर्ड ठोकला तर? थांबा, हातोडी खाली ठेवा! एका जाड पोकळीच्या दोन पातळ पोकळ्या होतात, हवेची स्प्रिंग कडक होते आणि खालच्या सुरांचा आवाज उलट जास्त येतो. तोच बोर्ड बाहेरच्या बोर्डावर बसवा, फायदाच फायदा. माझ्या मते कॉम्प्युटरवर भिंतीची नक्कल चालवण्याची, म्हणजे सिम्युलेशनची खरी कमाई हीच: एकही खिळा न ठोकता असला घोळ स्क्रीनवर दिसतो.

खालच्या सुरांसाठी कॉम्प्युटर भिंतीचे बारीक तुकडे पाडतो आणि प्रत्येकाचं थरथरणं मोजतो. वरच्या सुरांना हे परवडत नाही. 50 हर्ट्झची लाट हवेत जवळजवळ 7 मीटर लांब, 5000 हर्ट्झची जेमतेम 7 सेंटिमीटर! लाट आखूड, तुकडे बेसुमार. मग तिथे ऊर्जेचा सरासरी जमाखर्च मांडतात. ही युक्ती आली कुठून, माहीत आहे का? 1960 च्या दशकातल्या रॉकेट संशोधनातून! उड्डाणाच्या गडगडाटात आतली यंत्रं किती हादरतील, हे काढायचं होतं.

आणि स्क्रीनवरची भिंत परफेक्ट असली, तरी साइटवर जरा डोळे उघडे ठेवा. 10 चौरस मीटरच्या भिंतीत फक्त 10 चौरस सेंटिमीटरचं आरपार भोक राहिलं, की कितीही भारी डिझाइन 40 डेसिबलपाशी अडकतं. स्विचबॉक्स पाठीला पाठ लावून बसवू नका आणि फटीत सीलंट भरा, अगदी कोपऱ्यापर्यंत!