बेसची मान आणि जव्हारचा पाऊस

गॅदरिंगला पोटात जो ‘धम्म’ बसतो ना, तो बेस गिटारचा. जुलैत मी आमचा बेस घरी, जव्हारला नेला. पंधरा दिवस जव्हार-मोखाड्याचा पाऊस, कपडेसुद्धा वाळेनात. हॉस्टेलला परतलो तर पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार नुसती खर्रर्र!

चार तारा मिळून मानेला साधारण 75-80 किलोच्या जोराने ओढतात. आतला स्टीलचा ट्रस रॉड उलटा जोर लावतो. लाकूड ओल खाऊन फुगलं की हा तोल बिघडतो. (गावाकडचे तारपावाले फट पडली की मेण लावतात. आपल्याकडे अ‍ॅलन की!) मान अगदी सरळही नको. तार थरथरते, तिला जागा म्हणून किंचित बाक हवा. तोच रिलीफ.

आधी तारा सुरात लावा. एक बोट पहिल्या फ्रेटवर, दुसरं मान बॉडीला मिळते तिथे. दाबलेली तार हीच तुमची स्ट्रेट एज. सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली फीलर गेज सरकवा. मेकॅनिकलवाल्यांनो, स्पार्क प्लगची गॅप बघायचं तेच! 0.3 मिमीच्या आसपास हवं. माझं शून्य. म्हणजे रॉड सैल करायचा, घड्याळाच्या उलट. फट जास्त असती तर कसायचा.

एका वेळी पाव फेराच, मग परत सूर, परत माप. नट अडला तर जबरदस्ती नको. रॉड तुटला तर मानच बदलावी लागते. आणि बेस चुलतभावाचा आहे, त्याला अजून काही सांगितलेलं नाही.