लस एकच, प्रतिसाद वेगळा

पती-पत्नी एकाच दिवशी, एकाच केंद्रावर लस घेऊन येतात. रात्री पत्नीला ताप भरतो, दंड ठणकू लागतो. पती मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी पेढीवर हजर असतो. घरातील निष्कर्ष ठरलेला : बायकांची प्रकृती नाजूक. वैद्यकशास्त्राचा पुरावा मात्र जवळजवळ उलट दिशेने बोट दाखवतो.

२००४-०५ च्या हंगामात अमेरिकेत इन्फ्लुएन्झाच्या लसीचा मोठा तुटवडा पडला होता. त्या हंगामातील लसीची अर्धी मात्रा पुरते का, हे वॉल्टर रीड लष्करी वैद्यकीय केंद्रातील संशोधकांनी १८ ते ६४ वर्षे वयाच्या अकराशेहून अधिक निरोगी व्यक्तींवर तपासले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. अर्धी मात्रा घेतलेल्या स्त्रियांच्या रक्तातील प्रतिपिंडे पूर्ण मात्रा घेतलेल्या पुरुषांच्या तोडीची होती.

यामागे संप्रेरके आहेत, तशीच जनुकेही. इस्ट्रोजेन सामान्यतः प्रतिपिंडनिर्मितीस पोषक ठरते, टेस्टोस्टेरॉन तिला आवर घालते. रोगप्रतिकाराशी निगडित अनेक जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. स्त्रीजवळ अशी दोन गुणसूत्रे असतात; प्रत्येक पेशीत त्यांतील एक बहुतांशी निद्रिस्त राहते, तरी त्यावरील काही जनुके जागीच असतात. या सामर्थ्याची किंमतही स्त्रीच मोजते. शरीर स्वतःवरच उलटते अशा ल्युपससारख्या व्याधीत दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात.

इतके असूनही लसीची मात्रा दोघांना सारखीच. अमेरिकेत १९७७ च्या एका मार्गदर्शक सूचनेने प्रजननक्षम वयातील स्त्रियांना औषधांच्या प्राथमिक चाचण्यांतून वगळले होते. ती अट १९९३ मध्ये शिथिल झाली. ज्यांच्या शरीराचा प्रतिसाद निराळा, त्यांनाच मोजणीबाहेर ठेवण्याचा हा प्रकार विचित्रच म्हणावा लागेल. मात्र यावरून कोणी आपल्या मनाने अर्धी लस मागू नये. प्रतिपिंडांची संख्या म्हणजे संपूर्ण संरक्षण नव्हे. तसेच ताप आला नाही म्हणून लस वाया गेली, असेही पुरुषांनी मानू नये.

आपल्या घरांत एक व्यावहारिक अडचण येते. लसीनंतरचा ताप अनेकदा रात्रीच चढतो आणि चौविहार करणाऱ्या श्राविकेला तेव्हा पाणी वा गोळी घेता येत नाही. म्हणून तपाचे दिवस टाळून लसीचा दिवस निवडावा, रात्रीच्या औषधाविषयी डॉक्टरांशी व गुरुमहाराजांशी आधीच बोलून घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकाची जबाबदारी घरातील दुसऱ्या कोणी उचलावी.