हात मोकळे, नजर नाही : इलेक्ट्रिक पिकअप पुन्हा घेताना

अमेरिकेत ‘ट्रक’ म्हणतात तो आपला मालट्रक नव्हे. पुढे चार-पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा आणि त्यामागे गरजेप्रमाणे बोट, घोड्यांचा ट्रेलर किंवा राहायचा कॅम्पर जोडण्याची सोय, अशी ही पिकअप. सुतार-प्लंबरपासून शेतकऱ्यापर्यंत आणि उपनगरातल्या चौकोनी कुटुंबापर्यंत सगळे ती वापरतात. फोर्डची एकटी एफ-सीरिज तिथे वर्षाला सात लाखांहून अधिक खपते. अलीकडच्या काळात ही पिकअप विजेवर धावू लागली ती सप्टेंबर 2021 मध्ये रिव्हियनच्या आर1टी या गाडीपासून. मे 2022 मध्ये फोर्डची एफ-150 लायटनिंग ग्राहकांच्या हाती पडू लागली, नोव्हेंबर 2023 मध्ये टेस्लाचा सायबरट्रक आला आणि जनरल मोटर्सनेही सिल्व्हराडो व सिएरा विजेवर आणल्या. पहिल्या खरेदीदारांच्या तीन वर्षांच्या लीजच्या मुदती आता संपू लागल्या आहेत. त्यामुळे ‘पुन्हा हीच गाडी घ्याल का?’ हा प्रश्न खऱ्याखुऱ्या व्यवहाराचा झाला आहे. या निर्णयाच्या मध्यभागी कंपन्यांनी एक नवे आकर्षण आणून ठेवले आहे : हायवेवर स्टीअरिंगवरून हात काढून घेता येतील अशी चालक-साहाय्य यंत्रणा. माझे म्हणणे एवढेच आहे की पुन्हा खरेदीचा हिशेब बॅटरी, चार्जिंग आणि कामाच्या स्वरूपावर मांडला पाहिजे. साहाय्य यंत्रणेला त्यात जागा आहे, पण ती चालकाचे लक्ष किती टिकवते यावरून. हात किती मोकळे करते यावरून नव्हे. याच्या आड येणारे काही गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज 1 : निम्मे मालक पेट्रोलकडे परत निघाले आहेत.

या समजाला आधार आहे तो 2024 मधल्या मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या पाहणीचा. तीत अमेरिकेतील 46 टक्के इलेक्ट्रिक गाडीमालकांनी पुढची गाडी पुन्हा इंजिनाची घेण्याची शक्यता सांगितली; सर्व देश मिळून हा आकडा 29 टक्के होता. पण त्याच वर्षी ग्लोबल ईव्ही अलायन्सच्या पाहणीत 92 टक्के मालक म्हणाले की पुढची गाडीही इलेक्ट्रिकच घेऊ. 2025 मध्ये जे. डी. पॉवर या ग्राहक-पाहण्या करणाऱ्या कंपनीने अमेरिकेत केलेल्या पाहणीत 94 टक्के मालक पुन्हा इलेक्ट्रिक गाडीचा विचार करायला तयार होते. यातला एक आकडा खरा आणि बाकीचे खोटे असे नाही. प्रश्न कोणाला विचारला आणि कोणत्या शब्दांत विचारला, हे पाहायला हवे. अलायन्स ही इलेक्ट्रिक गाड्या चालवणाऱ्यांच्याच संघटनांची एकत्रित संस्था. तिथला उत्तर देणारा मुळातच या गाडीचा पुरस्कर्ता असतो. जे. डी. पॉवर नवी गाडी घेतलेल्यांना मालकीच्या पहिल्या वर्षात विचारते आणि ‘विचार कराल का’ असे विचारते. विचार करणे आणि पैसे मोजणे यांत अंतर आहे. शिवाय हे तिन्ही आकडे सर्व इलेक्ट्रिक गाड्यांचे आहेत, एकट्या पिकअपचे नाहीत.

पिकअपच्या मालकाची अडचण वेगळीच असते. मोठ्या बॅटरीच्या लायटनिंगला एका चार्जमध्ये 320 मैल, म्हणजे सुमारे 515 किलोमीटर, असा अधिकृत पल्ला मिळाला आहे. तिच्यामागे उंच, जड कॅम्पर जोडला की तो साधारण निम्म्यावर येतो. कारण केवळ वजन नाही. ट्रेलरचा सपाट, रुंद पुढचा भाग वारा अडवतो आणि हायवेच्या वेगाला बॅटरीची बहुतेक शक्ती हवेशी झुंजण्यातच जाते. मग चार्जिंग स्टेशनवर दुसरा त्रास समोर येतो. बहुतेक चार्जर मोटारीच्या पार्किंगच्या टोकाला असतात, पेट्रोलपंपासारखे एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडण्याची सोय थोड्याच ठिकाणी आहे. म्हणजे ट्रेलर सोडायचा, बाजूला लावायचा, गाडी चार्ज करायची आणि पुन्हा जोडायचा. ज्याला महिन्यातून चार वेळा हे करावे लागते त्याचे ‘पुन्हा नको’ हे उत्तर समजण्यासारखे आहे. ज्याच्या घरच्या गॅरेजमध्ये 240 व्होल्टचा चार्जर आहे, जो रोज पन्नास-साठ मैल फिरतो आणि रात्रीतून भरलेली गाडी सकाळी बाहेर काढतो, त्याचे ‘पुन्हा हीच’ हे उत्तरही तितकेच खरे आहे. गाडी एकच, कामे दोन, म्हणून उत्तरेही दोन.

गैरसमज 2 : गाडी बिघडते, कंपनी ती बंद करते, म्हणजे मालक पस्तावले असणार.

कन्झ्युमर रिपोर्ट्स ही अमेरिकेतील जुनी ग्राहक संस्था आपल्या सभासदांना थेट विचारते : सगळे माहीत झाल्यावर हीच गाडी पुन्हा घ्याल का? 2024 च्या निकालात रिव्हियनचे 86 टक्के मालक ‘नक्की घेऊ’ म्हणाले आणि हा ब्रँड सर्वांत वर आला. याच संस्थेच्या विश्वासार्हतेच्या यादीत मात्र रिव्हियन तळाशी आहे. हा विरोधाभास वाटतो, पण नाही. वेग पकडतानाची ताकद, शांत केबिन, सामानाच्या जागा यांवर मन जडलेला माणूस वर्कशॉपच्या दोन फेऱ्या सोसतो. लायटनिंगच्या बाबतीतही हेच ध्यानात ठेवावे. डिसेंबर 2025 मध्ये फोर्डने पूर्ण विजेवरच्या लायटनिंगचे उत्पादन थांबवून पुढची गाडी बॅटरी चार्ज करणारे इंजिन सोबत असलेली करण्याचे जाहीर केले आणि इलेक्ट्रिक योजनांपायी सुमारे 19.5 अब्ज डॉलरचा भार हिशेबात घेतला. मे 2021 मध्ये 40 हजार डॉलरच्या आत जाहीर झालेली मूळ किंमत दोन वर्षांत 60 हजारांच्या घरात गेली होती आणि सप्टेंबर 2025 अखेर केंद्र सरकारची 7,500 डॉलरची करसवलतही संपली. हे सगळे कंपनीच्या नफ्या-तोट्याचे गणित आहे. ज्याच्या घरची वीज वादळात गेली आणि गाडीच्या 9.6 किलोवॉटच्या सोयीवर ज्याचा फ्रिज चालू राहिला, त्या मालकाचे गणित याहून निराळे आहे. कंपनीचा तोटा आणि ग्राहकाचे समाधान एकाच वहीत लिहू नये. मात्र पुढे सुटे भाग, दुरुस्ती आणि फेरविक्रीची किंमत यांची चौकशी आता अधिक कसून करावी, हा धडा त्यातून जरूर घ्यावा.

गैरसमज 3 : हात सोडता येतात, म्हणजे गाडी स्वतः चालते.

मोटार अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. फोर्डची ब्लूक्रूझ, जनरल मोटर्सची सुपर क्रूझ, रिव्हियनची हात मोकळे ठेवू देणारी सोय आणि टेस्लाची ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ या सगळ्या दुसऱ्याच पायरीवर आहेत. या पायरीचा अर्थ स्पष्ट आहे : गाडी लेन धरून ठेवेल, पुढच्या वाहनाशी अंतर राखेल, पण रस्त्यावर नजर ठेवण्याचे काम आणि गाडी चालवण्याची जबाबदारी चालकाची. टेस्लानेही 2024 मध्ये आपल्या यंत्रणेच्या नावापुढे ‘देखरेखीखाली’ या अर्थाचा शब्द जोडला. सुपर क्रूझ हे कसे सांभाळते ते पाहण्यासारखे आहे. स्टीअरिंगच्या वरच्या कडेला दिव्याची एक पट्टी असते. ती हिरवी असेपर्यंत हात मांडीवर ठेवता येतात. समोरचा छोटा कॅमेरा चालकाचा चेहरा आणि नजर टिपत असतो. नजर रस्त्यावरून हटून फोनकडे गेली की हिरवी पट्टी लुकलुकू लागते. तरीही मान वर झाली नाही तर ती लाल होते, सीट थरथरते आणि शेवटी गाडी वेग कमी करत थांबते. गाडी खरोखर स्वतः चालत असती तर तिने चालकाच्या डोळ्यांवर असा पहारा ठेवला असता का?

गैरसमज 4 : हात मोकळे करणारी यंत्रणा असलेली गाडी अधिक सुरक्षित.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. समोर वाहन थांबलेले दिसताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा ही संकटाच्या क्षणी जागी होते. एरवी चालकाच्या कामात पडत नाही. तिचा उपयोग सिद्ध झालेला आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे आयआयएचएसच्या, अभ्यासात तिने मागून धडकण्याचे अपघात सुमारे निम्म्याने घटवले. पिकअपपुरता हा आकडा 43 टक्के निघाला. हात मोकळे करणारी यंत्रणा मात्र तासन् तास चालकाचे काम हलके करते. जुलै 2024 मध्ये याच संस्थेने सांगितले की अशा अंशतः स्वयंचलनाने अपघात टळतात याचा पुरावा फारसा दिसत नाही. चार महिने आधी तिने अशा 14 यंत्रणा तपासल्या होत्या. चालकाचे लक्ष राखण्याच्या कसोटीवर 11 ‘निकृष्ट’ ठरल्या, त्यांत फोर्ड आणि टेस्लाच्याही होत्या. जनरल मोटर्सची यंत्रणा एक पायरी वर आली आणि ‘स्वीकारार्ह’ अशी एकच होती, लेक्ससची. 2024 च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये सॅन अँटोनियो आणि फिलाडेल्फिया इथे ब्लूक्रूझ चालू असलेल्या फोर्डच्या दोन मस्टँग माक-ई गाड्या रात्री रस्त्यात थांबलेल्या वाहनांवर आदळल्या आणि तिघांचे प्राण गेले. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा प्रशासनाने एप्रिलमध्ये चौकशी सुरू केली आणि जानेवारी 2025 मध्ये ती पुढच्या, अधिक खोल टप्प्यावर नेली. त्या गाड्या पिकअप नव्हत्या, पण ब्लूक्रूझ ही यंत्रणा लायटनिंगमध्येही मिळत होती.

पिकअपच्या बाबतीत वजनामुळे हा प्रश्न आणखी गंभीर होतो. आर1टी तीन टनांहून जड आहे, हमरची इलेक्ट्रिक पिकअप चार टनांच्या वर. नेब्रास्का विद्यापीठाच्या चाचणीत ताशी 60 मैल वेगाने आलेली आर1टी हायवेच्या कडेचा लोखंडी कठडा तोडून पलीकडे गेली. इतके वजन वेगात असताना चालकाला सावध होण्यास लागलेला एक-दीड सेकंदही महाग पडतो. म्हणून आपोआप ब्रेक, पादचारी ओळखणे, बाजूच्या आंधळ्या कोपऱ्याची सूचना यांना पैकीच्या पैकी गुण द्यावेत. अमेरिकन सरकारनेही एप्रिल 2024 मध्ये नियम करून सप्टेंबर 2029 पासून सर्व नव्या हलक्या वाहनांत आपोआप ब्रेकची सक्ती ठरवली, हे उगीच नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सहाशे मैलांच्या प्रवासात थकलेल्या माणसाला या यंत्रणेने आराम मिळतो, मान-खांदे कमी दुखतात, आणि अनेक मालक याच कारणासाठी तीच गाडी पुन्हा घ्यायला तयार होतात. तो अनुभव खोटा कसा म्हणायचा? तो खोटा नाहीच. आराम ही खरी गरज आहे आणि तिच्यासाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही. पण आराम म्हणजे सुरक्षा नव्हे. शरीर विसावले तरी देखरेख सैल पडता कामा नये, आणि माणसाचे मन नेमके इथेच कच्चे आहे. नव्याण्णव वेळा यंत्राने नीट सांभाळले की शंभराव्या वेळी आपण पाहतच नाही. म्हणून आरामासाठी घ्या, पण चालकावर कडक नजर ठेवणारी यंत्रणा निवडा. तिचे सारखे टोकणे हाच तिचा गुण आहे.

गैरसमज 5 : ही सोय एकदा घेतली की कायमची आपली.

हौदा, बॅटरी, मोटर या विकत घेतलेल्या वस्तू आहेत. ही सोय बहुधा भाड्याची असते. फोर्डने 2024 मध्ये ब्लूक्रूझचे शुल्क महिना 75 डॉलरवरून सुमारे 50 वर आणले, टेस्लाने त्याच वर्षी आपल्या यंत्रणेचे 199 वरून 99 वर. दर खाली आले ही चांगली गोष्ट, पण महिना 50 डॉलर म्हणजे पाच वर्षांचे 3,000 डॉलर होतात. ब्लूक्रूझ आणि सुपर क्रूझ चालतात त्याही आधी ठरलेल्या रस्त्यांवर : ब्लूक्रूझची सुरुवात एक लाखाहून अधिक मैलांच्या हायवेवर झाली, सुपर क्रूझचा विस्तार 7,50,000 मैलांपर्यंत जाहीर झाला. तुमचे गाव त्या नकाशात नसेल तर पैसे देऊनही हात स्टीअरिंगवरच राहणार. पुढच्या अपडेटचा भरवसाही बेताचाच ठेवावा. रिव्हियनने 2025 मध्ये हात मोकळे ठेवण्याची सोय दिली ती 2024 च्या मध्यापासूनच्या दुसऱ्या पिढीच्या गाड्यांना. आधीच्या मालकांच्या गाडीत त्यासाठी लागणारे कॅमेरे आणि संगणकच नव्हते. सायबरट्रकच्या पहिल्या मालकांना ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’साठी दहा महिने थांबावे लागले. म्हणून आज गाडीत जे चालते त्याचीच किंमत धरावी, उद्याच्या आश्वासनाची शून्य.

हा हिशेब फक्त अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या कामाचा नाही. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई 6 सारख्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या वरच्या प्रकारांतही दुसऱ्या पायरीची साहाय्य यंत्रणा आली आहे आणि शोरूममध्ये तिचेच कौतुक आधी ऐकू येते. तेव्हा गाडी पहिल्यांदा घ्या की पुन्हा, आधी घरी चार्जिंगची सोय आहे का ते पाहा, मग वर्षभरात जड ओझे घेऊन किती लांब जाता ते मोजा, मग आपोआप ब्रेक कोणत्या वेगापर्यंत आणि पादचाऱ्यासाठी लागतो का ते विचारा. हात मोकळे ठेवण्याची सोय या यादीत सर्वांत शेवटी येते. आणि ती घेतलीत तरी नजर रस्त्यावरच ठेवा, कारण आज विकत मिळणाऱ्या यांपैकी कोणत्याही पिकअपमध्ये चालक तुम्हीच आहात.