स्वस्तिक, हिटलर आणि खारघरचं हॉटेल

गिरगावात लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या चोपडीपर्यंत सगळीकडे दिसणारं स्वस्तिक युरोपातल्या एखाद्या वस्तूवर उमटलं की त्याची बातमी होते. मग आपल्याकडच्या दोन प्रतिक्रिया ठरलेल्या: 'हा आमच्या धर्माचा अपमान' किंवा 'या लोकांचा नुसता कांगावा'. दोन्हींच्या मुळाशी काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज: नाझींचं स्वस्तिक उलटं, आपलं सुलटं.

हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की कुणी पडताळून बघत नाही. नाझींचं चिन्हही आपल्या दारावरच्यासारखं उजवीकडेच वळतं. बहुतेक वेळा ते लाल कापडावर, पांढऱ्या वर्तुळात, 45 अंशांत कललेलं आणि काळं असतं. आपले चार ठिपके त्यात नसतात. पण हिटलरच्या वैयक्तिक ध्वजावर ते न कलता सरळ उभं होतं. डावीकडे वळणारं स्वस्तिक तर जपानच्या नकाशांवर बौद्ध मंदिराची खूण आहे. दिशेवरून निवाडा होत नाही.

गैरसमज: हिटलरने ते भारतातून चोरलं.

1870च्या दशकात जर्मन पुरातत्त्वज्ञ हाइनरिश श्लीमान यांना ट्रॉयच्या उत्खननात हे चिन्ह सापडलं. पुढे जर्मन राष्ट्रवादी गटांनी ते 'आर्य' वंशाची निशाणी म्हणून उचललं आणि 1920मध्ये ते नाझी पक्षाच्या झेंड्यावर आलं. आकृती मात्र कुणा एकाची नाही. इस्रायलमध्ये एन गेदीच्या प्राचीन सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, फरशीवरही स्वस्तिक आहे! जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात 1865 साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या पुस्तकांवर हत्तीच्या मस्तकासोबत स्वस्तिक छापलेलं असे. नाझी सत्तेवर आल्यावर त्याने ते काढून टाकायला लावलं.

गैरसमज: ज्यूंचा आपल्या स्वस्तिकालाच विरोध आहे.

मग मुंबईच्या बेने इस्रायली ज्यूंचं काय? कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले हे लोक मराठीतच बोलले, मराठीत कीर्तनंही केली. मांडवीतलं त्यांचं सिनेगॉग 1796चं. सात रस्त्याचं तिफेरेथ इस्रायल लालबाग-परळपासून फार दूर नाही. शेजारच्या उंबरठ्यावरचं स्वस्तिक त्यांनी पिढ्यान्पिढ्या पाहिलंय. 2008मध्ये जेरुसलेमला हिंदू आणि ज्यू धर्मनेत्यांनी संयुक्त घोषणापत्रात स्वस्तिक हे हिंदूंचं प्राचीन, मंगल चिन्ह असल्याचं नोंदवलं.

गैरसमज: चूक नकळत होते, माध्यमं राईचा पर्वत करतात.

कधी कधी हे खरंही असतं. 2007मध्ये 'झारा' कंपनीने ब्रिटनमधल्या दुकानांतून एक हँडबॅग मागे घेतली. भारतात बनलेल्या त्या बॅगेच्या कोपऱ्यांवर हिरवी स्वस्तिकं भरली होती. आपण मंजूर केलेल्या नमुन्यात ती नव्हती, असं कंपनीने सांगितलं. त्यात ज्यूद्वेष शोधणं मला ओढूनताणून वाटतं.

खारघरची गोष्ट वेगळी. ऑगस्ट 2006मध्ये तिथे 'हिटलर्स क्रॉस' नावाचं हॉटेल उघडलं. पोस्टरवर हिटलर, सोबत स्वस्तिक. मुंबईतल्या ज्यूंनी निषेध केला, इस्रायलच्या वकिलातीनेही आक्षेप घेतला. लोकांचं लक्ष वेधावं म्हणून हे नाव घेतल्याचं मालकांचं म्हणणं होतं. त्यामागे द्वेष नसेलही, पण ही नजरचूक नव्हती. हिटलरचा फोटो लावून वर स्वस्तिक काढलं, तर त्याला दारावरचं मंगलचिन्ह कोण म्हणणार? आक्षेप त्या जोडीला होता. आठवड्याभरात नाव बदललं.

आपल्याकडे कडक मास्तरांना सहज 'हिटलर' म्हणतात. 2011मध्ये 'हिटलर दीदी' नावाची मालिकाही आली, अमेरिकेत तिचं नाव 'जनरल दीदी' करावं लागलं. या सवयीमागे अज्ञान आहे हे मान्य. पण मुंबईत ते सहज खपू नये, कारण हिटलरपासून जीव वाचवून आलेली माणसं याच शहरात राहिली. आकाशवाणीची जी धून सकाळी घराघरात वाजायची, तिचं श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. ते ज्यू संगीतकार होते आणि 1934मध्ये युरोप सोडून मुंबईत आले होते. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आपल्या ज्यू पत्नीसह व्हिएन्नाहून इथे आले, टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक झाले आणि हुसेन, रझा, आरा यांच्या प्रोग्रेसिव्ह गटाच्या पाठीशी उभे राहिले.