पौलाचे ऐकायचे ते कसे?

प्रेषित पौल येशूच्या बारा शिष्यांपैकी नव्हता. उलट आधी त्याने ख्रिस्ती मंडळीचा छळच केला. मग श्रद्धेचा वाटाड्या म्हणून त्याला का मानायचे, हा आक्षेप जुनाच. पण त्याची पत्रे साधारण इ. स. 50 ते 60च्या सुमाराची, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीची, असे बहुतेक अभ्यासक मानतात. येशूच्या मरण-पुनरुत्थानाविषयी आपल्याला जे मिळाले तेच आपण पुढे सोपवले, असे तो करिंथच्या मंडळीला बजावतो. यरुशलेमेत पेत्राकडे 15 दिवस राहिल्याचे गलतीकरांना सांगतो.

दुसरा आक्षेप असा, की ही पत्रे त्या काळच्या भांडणांवर लिहिलेली. आज त्यांचा काय उपयोग? उत्तर पत्रांतच आहे. विवाहाबद्दल लिहिताना प्रभूची आज्ञा कोणती आणि आपले मत कोणते, हे पौल वेगवेगळे सांगतो. बाजारातले मांस चौकशी न करता खुशाल खा, असे तो म्हणतो. पण ते मूर्तीला वाहिलेले आहे असे कुणी सांगितले, तर त्याच्या मनाचा विचार करून खाऊ नका, असेही सांगतो. तो बाजार आज उरला नाही, पण स्वातंत्र्याला प्रेमाची वेसण घालण्याची ही रीत उरली आहे. म्हणून प्रेषिताच्या मागे जाणे म्हणजे त्याच्या प्रत्येक वाक्याची नक्कल नव्हे. त्याच्या निर्णयामागचे कारण ओळखून ते आपल्या प्रश्नांना लावणे होय.